मस्कोगीचा पेढीवाला

१८९३ साल. मस्कोगी हे तेव्हा अमेरिकेतल्या इंडियन टेरिटरीतले, म्हणजे आजच्या ओक्लाहोमातले, एक लहानसे रेल्वेगाव. तेथल्या फर्स्ट नॅशनल बँकेच्या ठेवी पन्नास दिवसांत निम्म्यावर आल्या. बँकेने कोणाला बुडविले नव्हते, की कोणी पैसा उधळला नव्हता. देशभर घबराट उडाली होती आणि लोक पैसे काढून घरात दडवीत होते, एवढेच. बँकेचे अध्यक्ष होते रॉबर्ट लॅथम ओवेन, वय अवघे ३७.

घबराटीचा हा चटका त्यांना नवा नव्हता. वडील व्हर्जिनियातल्या एका रेल्वे कंपनीचे अध्यक्ष. पण १८७३ च्या मंदीत घरची संपत्ती गेली. चेरोकी वंशाच्या आईने, नार्सिसाबाईंनी, संगीत शिकवून संसार सावरला. पदवी घेऊन मुलगा आईच्या माणसांत आला. मास्तरकी, वकिली, सरकारी एजंटगिरी करून १८९० मध्ये त्याने ही बँक काढली.

पेढीचे दुखणे मोठे विचित्र. ठेवीदार केव्हाही दारात उभा राहतो. शेतकऱ्याला दिलेले कर्ज मात्र पीक हाती आल्यावाचून परत येत नाही. लहान बँका आपली गंगाजळी न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या बड्या बँकांत ठेवीत, आणि नेमक्या अडचणीच्या वेळी त्या हात आखडता घेत. चांगले तारण असूनही त्यावर रोकड देणारे कोणी नाही! यावर तोड शोधायला ओवेन १८९८ मध्ये युरोपात गेले आणि तेथल्या मध्यवर्ती बँकांचा कारभार पाहून आले.

१९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले नि ओवेन सेनेटर झाले. १९१३ मध्ये सेनेटच्या नव्या बँकविषयक समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. प्रतिनिधिगृहातले कार्टर ग्लास नियामक मंडळावर बँकवाल्यांनाही जागा द्यायला तयार होते. ओवेन स्वतः बँकवाले. पण मंडळ सरकारचेच हवे, म्हणून तेच अडून बसले! राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी अखेर त्यांचीच बाजू घेतली आणि २३ डिसेंबर १९१३ रोजी कायद्यावर सही केली. श्रेय कोणाचे, यावर दोघांनी पुढे आपापली पुस्तके लिहिली.

मला मात्र त्या विधेयकातले गळालेले कलम अधिक मोलाचे वाटते. सेनेटच्या मसुद्यात ठेवींना हमी देण्याची तरतूद होती. दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटीत ती गेली. मस्कोगीच्या ठेवीदाराला हवी होती ती नेमकी हीच. पुढे हजारो बँका बुडाल्यावर १९३३ मध्ये ती आली. ओवेन १९२५ मध्येच सेनेट सोडून गेले होते. आपल्याकडेही अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये बुडाल्या, तेव्हा कुठे १ जानेवारी १९६२ पासून दीड हजार रुपयांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे छत्र मिळाले.

म्हातारपणी ओवेन यांची दृष्टी जवळजवळ गेली. १९४७ मध्ये ते वारले. अखेरच्या वर्षांत त्यांना एकच ध्यास होता: जगातल्या साऱ्या भाषांना चालेल अशी एक लिपी.