वारीच्या वाटेवरची निगडी



पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर निगडी लागते. आज तिचे नाव काढले की उंच इमारती, कारखाने आणि पाळीला निघालेले कामगार डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्येष्ठ वद्य पक्षात एक दिवस असा उगवतो, की हाच रस्ता मोटारींना बंद होतो आणि तुकोबांच्या पालखीला खुला होतो. देहू येथून अवघी दोन-अडीच कोसांवर!

या पालखीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तुकाराम महाराजांचे वैकुंठगमन 1650 सालचे. पंढरीची वारी त्यांच्या घराण्यात आधीपासूनच होती. पुढे 1685 साली त्यांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी तुकोबांच्या पादुका पालखीत घेऊन, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका बरोबर घेऊन, पंढरपुरास जाण्याचा प्रघात पाडला. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीचा सोहळा स्वतंत्र केला, त्याला दिंड्यांची शिस्त घातली. देहूची पालखी आपल्या वाटेने जाऊ लागली. इनामदार वाड्यातला मुक्काम आटोपून ती निगडीवरून येते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात विसावते.

आता तुम्हीच विचार करा, सव्वातीनशेहून अधिक वर्षे हे टिकले कशावर? श्रद्धा तर खरीच. पण आणखी एक कारण आहे. दिंडीत नुसत्या पाहणाऱ्याला जागा नाही. नवखा माणूस आत शिरला की शेजारचा त्याच्या हाती टाळ देतो. पावली चुकली तर कोणी हसत नाही. पुढच्याच्या पायांकडे पाहत तो शिकतो. मृदंग, अभंग, भारूड, फुगडी हे सारे असेच एकाकडून दुसऱ्याकडे गेले. 2000 साली ग्रेग रिचर्ड्स आणि क्रिस्पिन रेमंड या अभ्यासकांनी 'सर्जनशील पर्यटन' ही कल्पना मांडली. प्रवाशाने त्या ठिकाणची कला स्वतः करून शिकावी, हा तिचा गाभा. आपल्या वारकऱ्याला यात नवल ते काय वाटणार?

मात्र गाफील राहून चालणार नाही. 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण आले आणि शेतांच्या जागी आकड्यांच्या पेठा वसल्या. निगडीत शिवराय व तुकोबांच्या भेटीचे भक्ती-शक्ती शिल्प उभे राहिले. माणसे येतात, छायाचित्र काढतात, जातात. त्यात वावगे काही नाही. पण शिल्प काही मृदंग शिकवत नाही. ते काम माणसालाच करावे लागते.

ते कसे करावे, हे कुडाळजवळच्या पिंगुळीत पाहावे. तेथील ठाकर समाजाचे परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला घरातच जपली. 2006 साली गोठ्याच्या जागेत तिचे संग्रहालय थाटले. पाहुणे येऊ लागले, मुलेही कलेत रमली. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या गावात मृदंग कोणाला येतो, भारूड कोणाला पाठ आहे, याची मुलांकडून नोंद करवा. त्या माणसाला शाळेत बोलवा, त्याच्या कष्टाचा मान आणि मोबदला द्या. आणि मुलांना केवळ ऐकायला बसवू नका; टाळ त्यांच्या हातात द्या.