जे घडून गेले असेल, त्याचे व्याकरण

१/ ‘तू सुखरूप पोहोचशील अशी आशा आहे’ आणि ‘तू सुखरूप पोहोचला असशील अशी आशा आहे’. या दोन वाक्यांतील अंतर मराठी माणसाला समजावून द्यावे लागत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र दुसऱ्या वाक्यासाठी ‘आयास येगादो’ हे खास जोडरूप योजावे लागते. विद्यार्थ्यांना जेरीस आणणाऱ्या या रूपाचा इतिहास थेट लॅटिनपर्यंत जातो.

२/ हा सब्जंक्टिव्हचा पूर्ण वर्तमानकाळ. मुख्य वाक्यात इच्छा, शंका, भीती किंवा आनंद असेल आणि गौण वाक्यातील क्रिया आधीच पूर्ण झालेली असेल, तेव्हा तो येतो. ती क्रिया अनिश्चितच असावी असे नाही. ‘तू आलास याचा आनंद वाटतो’ येथे येणे प्रत्यक्ष घडले आहे. तरीही वाक्याचा भर भावनेवर असल्याने सब्जंक्टिव्हच वापरतात.

३/ अभिजात लॅटिनमध्ये यासाठी ‘आमावेरिम’ असे एकच पद होते. त्याच्या शेजारी ‘आमावेरो’ हा पूर्ण भविष्यकाळ नांदत होता. प्रथमपुरुषी एकवचन वगळता दोहोंची रूपे जवळजवळ सारखीच. बोलीत ती एकमेकांत मिसळली आणि त्यांतून स्पॅनिश सब्जंक्टिव्हचा भविष्यकाळ ‘आमारे’ घडला. पूर्ण झालेल्या क्रियेची जागा रिकामी राहिली.

४/ ती जागा भरून काढली ‘जवळ बाळगणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाने, ‘हाबेरे’ने. ‘लिहिलेली पत्रे माझ्यापाशी आहेत’ अशा रचनेतील मालकीचा अर्थ हळूहळू विरला आणि ‘मी पत्रे लिहिली आहेत’ एवढाच उरला. हेच क्रियापद स्पॅनिशमध्ये ‘आबेर’ झाले. त्याचे सब्जंक्टिव्ह रूप ‘आया’.

५/ पत्रे मालकीची होती तोवर ‘लिहिलेली’ हे धातुसाधित पत्रांच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत असे. सुमारे १२०० सालच्या ‘सिद’च्या महाकाव्यात असा मेळ अनेकदा दिसतो. पुढे तो सुटला आणि ‘आबेर’सोबतचे धातुसाधित गोठले.

६/ १८ ऑगस्ट १४९२ रोजी सालामांका येथे अंतोनियो दे नेब्रिहा याचे कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. या न बदलणाऱ्या रूपाची नेब्रिहाने इतकी दखल घेतली की त्याला शब्दांच्या दहा जातींमध्ये स्वतंत्र स्थान दिले.

७/ मराठी विद्यार्थ्याची चूक नेमकी येथेच होऊ शकते. आपण ‘पत्र लिहिले’, ‘चिठ्ठी लिहिली’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे ‘एस्क्रितो’च. लिहिणारा पुरुष असो वा स्त्री, पत्र एक असो वा शंभर, बदलते ते केवळ ‘आया’ : आया, आयास, आयामोस, आयान. सराव करायचा तो या रूपांचा, आणि ‘एचो’ (केलेले), ‘दिचो’ (म्हटलेले) यांसारख्या अनियमित धातुसाधितांचा.

८/ मग त्या ‘आमारे’चे काय झाले? दैनंदिन बोलण्यातून ते रूप जवळजवळ लोपले. स्पेनच्या १९९५च्या दंडसंहितेतील कलम १३८ मात्र मनुष्यवधाची व्याख्या आजही त्याच काळातील ‘मातारे’ या रूपाने करते. लॅटिनचा थेट वारस कायद्याच्या भाषेपुरता उरला. प्रवासाला गेलेले माणूस सुखरूप पोहोचले असेल ना, ही घरोघरची काळजी मात्र मालकी विसरलेले ‘आबेर’ वाहते.