आयबीडी: त्रास फक्त आतड्यापुरता नसतो

पोटाचा आजार बऱ्यापैकी आटोक्यात असतो आणि अचानक घोटा सुजतो, किंवा एक डोळा लाल होऊन दुखू लागतो. अशा वेळी आपण हाडांच्या किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातो आणि पोटाचा विषय तिथे निघतच नाही. पण अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज असणाऱ्यांमध्ये हे त्रास अनेकदा त्याच आजाराचा भाग असतात. साधारण चार रुग्णांपैकी एकाला तरी आतड्याबाहेरचा असा एखादा त्रास कधी ना कधी होतो.

आयबीडी म्हणजे काय?

शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याविरुद्ध काम करू लागते आणि आतड्याला दीर्घकाळ सूज राहते, याला आयबीडी म्हणतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत सूज येऊ शकते. आयबीएस हा वेगळा विकार आहे. त्यात आतड्याला अशी सूज किंवा जखमा नसतात.

आतड्यात होणाऱ्या गुंतागुंती

क्रोन्समध्ये वारंवार सूज येऊन आतडे अरुंद होते. मग जेवणानंतर पोटात कळ येणे, पोट फुगणे, उलट्या होणे असा त्रास होतो. सूज भिंतीच्या आरपार गेली तर पोटात किंवा गुदद्वाराजवळ गळू होते, किंवा भगंदर तयार होऊन त्यातून पू येत राहतो. हे मूळव्याध समजून अंगावर काढू नका.

अल्सरेटिव्ह कोलायटिस जोरात उसळला तर दिवसातून ६ किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब होतात, ताप येतो, नाडी जलद होते. क्वचित मोठे आतडे धोकादायकरीत्या फुगते किंवा फुटते. अशा रुग्णाला रुग्णालयात दाखल करावेच लागते.

मोठ्या आतड्याची सूज अनेक वर्षे राहिली तर तिथे कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून लक्षणे सुरू होऊन साधारण ८ वर्षे झाली की तपासणीसाठी कोलोनोस्कोपी करतात. पुढची किती वर्षांनी करायची, हे आजार किती भागात आहे आणि सूज किती आहे यावर ठरते. त्रास होत नसला तरी ही तपासणी चुकवू नका.

आतड्याबाहेरचे त्रास

• सांधे: गुडघा, घोटा असे मोठे सांधे सुजतात. ही सूज बहुधा पोटाच्या आजाराबरोबर वाढते आणि त्याच्याबरोबरच उतरते. कंबर आणि मणक्याचा त्रास मात्र पोट शांत असतानाही वाढू शकतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ कंबर आखडलेली असेल आणि हालचाल केल्यावर मोकळी होत असेल, तर डॉक्टरांना सांगा.
• डोळे: डोळा नुसता लाल होणे बरेचदा सौम्य असते. पण डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर झाल्यास दृष्टीवर परिणाम होऊ शकतो.
• त्वचा: नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी येतात. कधी कधी पायावर झपाट्याने वाढणारी खोल जखम होते. ती साध्या जखमेसारखी खरवडून साफ केल्यास आणखी चिघळू शकते, म्हणून आधी आयबीडीबद्दल सांगा.
• यकृत: काही रुग्णांच्या पित्तनलिकांना सूज येऊन त्या आक्रसतात. अंगाला खाज, कावीळ किंवा रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले दिसणे, ही त्याची खूण असते. या रुग्णांना दरवर्षी कोलोनोस्कोपीचा सल्ला दिला जातो.
• रक्ताच्या गुठळ्या: आयबीडीमध्ये शिरांत गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो. आजार उसळलेला असताना तो आणखी वाढतो.

कमतरतेमुळे होणारे आजार

रक्तक्षय हा सर्वांत जास्त आढळणारा त्रास. शौचावाटे रक्त जाणे, लोह नीट शोषले न जाणे आणि सतत सूज राहणे, ही त्याची कारणे. थकवा येतो म्हणून नुसते बीट-खजूर खाऊन भागत नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या. गोळ्या सोसत नसतील तर लोह शिरेतून देता येते. क्रोन्समध्ये लहान आतड्याचा शेवटचा भाग आजारी असेल किंवा काढला असेल, तर बी-१२ कमी पडते. स्टिरॉइड आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे हाडे ठिसूळ होतात. लहान मुलांची उंची व वजन वाढणे थांबू शकते, म्हणून त्याची नोंद ठेवा.

चिंता आणि नैराश्यही या रुग्णांत जास्त आढळते. बाहेर पडले की आधी संडास कुठे आहे ते शोधावे लागते. त्यातून लग्नकार्य, प्रवास टाळला जातो. हा मनाचा कमकुवतपणा नाही. त्यावर उपचार आहेत, जरूर मागा.

औषधे आणि संसर्ग

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे संसर्गाचा धोका वाढतो. आपल्याकडे क्षयरोग जास्त असल्याने इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांसारखी औषधे देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करतात. हिपॅटायटिस बी चीही चाचणी होते. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणे इतकी सारखी असतात, की निदानाला कधी कधी वेळ लागतो. अझाथायोप्रिन चालू असेल तर पांढऱ्या पेशी नियमित मोजाव्या लागतात. ही औषधे चालू असताना लस घेण्याआधी विचारा; जिवंत लसी सहसा देत नाहीत.

तुम्ही काय कराल?

• कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आयबीडी आहे हे आधी सांगा आणि चालू औषधांची यादी दाखवा.
• सांधेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक अशा गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. त्यांनी आतड्याचा आजार उसळू शकतो. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित आहे.
• बरे वाटते म्हणून औषध बंद करू नका. स्टिरॉइड तर अचानक कधीच थांबवू नका.
• बिडी-सिगारेट सोडा. क्रोन्स त्याने बळावतो.
• मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आजार काही महिने शांत असताना गर्भधारणा झालेली चांगली. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, ते बरेच आधी बंद करावे लागते.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

• पोटात असह्य दुखणे, पोट ताठ होणे, सतत उलट्या, गॅस व शौच दोन्ही बंद होणे
• खूप रक्त जाणे, चक्कर येणे, किंवा तापासह रक्ताचे वारंवार जुलाब
• एकाच पायाला सूज आणि दुखणे, अचानक दम लागणे, छातीत दुखणे
• डोळा दुखून दृष्टी अंधुक होणे
• प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असताना मोठा ताप

हे सगळे त्रास एकाच रुग्णाला होत नाहीत, आणि आजार नियंत्रणात असेल तर यातले बरेच टळतात. नवा त्रास पोटाशी संबंधित वाटला नाही, तरी पुढच्या भेटीची वाट न पाहता तुमच्या पोटविकारतज्ज्ञांच्या कानावर घाला. त्याचा संबंध आहे की नाही, ते त्यांना ठरवू द्या.