वृद्धांचे आजार आणि इंटरनेटवरील शोध

मीरा-भाईंदरहून लोकलने मुंबई गाठणाऱ्या अनेक नोकरदारांना आई-वडिलांच्या आजाराची माहिती शोधायला रात्रीच सवड मिळते. शोध कोणत्या शब्दांनी घेतला, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. ‘म्हातारपणी विसरणे’ असे लिहिले की समोर स्मृतिभ्रंश येतो. तो मात्र बहुधा महिनोन्महिने, वर्षानुवर्षे हळूहळू बळावतो. कालपर्यंत ठीक असलेली आजी आज असंबद्ध बोलू लागली, माणसे ओळखेनाशी झाली, तर प्रकरण वेगळे. मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील सोडियम वा साखर उतरणे, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, पक्षाघातसुद्धा, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. यातील बऱ्याच कारणांवर उपचार आहेत. ‘वयच झाले’ म्हणून थांबणे तेवढे महागात पडते. अशा वेळी मोबाइल वाचत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भाईंदर पश्चिमेस पंडित भीमसेन जोशी शासकीय रुग्णालय आहे. चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या सोबत न्याव्यात आणि बदल नेमका केव्हापासून दिसला, हे डॉक्टरांना सांगावे. तातडी नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते.