पैसा कुणाचा, शाळा कुणाची

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. शाळेने नकार दिला, आणि अर्ज वर सरकत मुंबई सरकारपर्यंत पोचला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते, तसेच पुणे जिल्ह्यातले इंदापूरही. म्हणून या एका मुलाच्या अर्जावर मुंबईत जे ठरेल, ते भीमा आणि नीरेच्या काठच्या शाळांनाही लागू होणार होते.

मुंबई सरकारचा २१ जुलै १८५६ चा ठराव आजही वाचण्यासारखा आहे. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे सरकार त्यात सरळ कबूल करते. पण पुढच्याच कलमात म्हणते की एका-दोघांसाठी शतकानुशतकांच्या समजुतींना एकदम हात घातला, तर शिक्षणकार्याचेच मोठे नुकसान होईल. शिवाय ही अडचण काही या सरकारने निर्माण केलेली नाही. मुलाला दारातून परत पाठवताना त्याचे म्हणणे बरोबर असल्याचा दाखला मात्र हातात दिला.

कागद कलकत्त्याला गेला. जानेवारी १८५७ च्या उत्तरात गव्हर्नर जनरलने मुंबईने बहुधा शहाणपणच केले असे म्हटले खरे, पण बंगालमधल्या कोणत्याही सरकारी शाळेत या मुलाला नकार मिळाला नसता, असेही ऐकवले. पुढे प्रकरण लंडनला कंपनीच्या संचालकांपुढे गेले. एप्रिल १८५८ मधले त्यांचे उत्तर स्पष्ट आहे. सरकारी शाळा सर्वांसाठी आहेत आणि या तत्त्वापासून मागे हटता येणार नाही. त्यापायी काही मुले शाळा सोडून गेली तरी चालेल. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी आपली वर्गणी काढून घ्यावी आणि त्या पैशात आपल्या मनासारख्या वेगळ्या शाळा काढाव्यात.

वर्गणीचा हा उल्लेख सहज आलेला नाही. त्या काळी अनेक शाळांच्या खर्चाचा काही भाग गावकरी उचलत. त्यामुळे मुंबई सरकारने १८५८ मध्ये धोरण जाहीर केले तेव्हा शाळांचे दोन गट पाडले. निव्वळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या. जिथे गावची मंडळी खर्चाला हातभार लावतात आणि त्यांची हरकत आहे, तिथे सरकार आग्रह धरणार नाही. फार तर अशा शाळेची मदत बंद करण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे राखून ठेवला. माझ्या मते इलाख्यातल्या शाळाप्रवेशाचा पुढच्या सत्तर वर्षांचा इतिहास या विभागणीत आहे. मुलाचा हक्क किती, हे शाळेच्या तिजोरीत पैसा कुणाचा यावर ठरू लागले.

खेड्यातल्या शाळेच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता, कारण तिथला पैसा जमिनीच्या साऱ्याशी जोडलेला होता. ब्रिटिश मुंबईच्या नव्या शेतवार पैमाशीची सुरुवातच इंदापूर तालुक्यात झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास तिथे जमिनी मोजून सारा ठरवला. याच साऱ्यावर १८६३ पासून रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. आता हा पैसा सरकारचा म्हणायचा की रयतेचा? तो वसूल करणारा मामलेदार सरकारचा. १८८४ च्या कायद्यानंतर तो खर्च करणारी मंडळी मात्र जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डाची.

शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनने १८८२ मध्ये ही फट बुजवायचा प्रयत्न केला. प्रांतिक, म्युनिसिपल किंवा लोकल फंड, कोणत्याही सार्वजनिक पैशावर पूर्णपणे चालणारी शाळा सर्वांना खुली हवी, असे कमिशनने म्हटले. पण तत्त्व सावधपणे लागू करावे, अशी पुस्तीही जोडली. याच कमिशनला जोतीराव फुल्यांनी त्या वर्षी ऑक्टोबरात निवेदन दिले. महार-मांग मुलांना इतरांच्या शेजारी बसू देत नाहीत, म्हणून शाळांची दारे त्यांना व्यवहारात बंदच आहेत. पुण्यात या लोकांची वस्ती पाच हजारांवर असूनही त्यांच्यासाठी एकच शाळा आहे आणि तीत तीस मुलेही येत नाहीत, असे त्यांनी नोंदवले. पुण्यासारख्या शहरात ही गत, तर तालुक्याच्या गावात काय असेल, याचा अंदाज वाचकाने बांधावा. फुल्यांनी त्या निवेदनात वेगळ्या शाळांची मागणी केली. तिच्यावर आज नाक मुरडणाऱ्यांनी समोरचे बंद दार विसरू नये.

वेगळ्या शाळा निघाल्या, पण त्या वेगळ्याच राहिल्या. ही वाट प्रथम धडाक्याने बंद केली ती कोल्हापूर संस्थानाने. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांनी भेद करू नये, असेही बजावले. संस्थानिकाला लोकल बोर्डाची मनधरणी करावी लागत नाही, हा फरक लक्षात ठेवायला हवा.

ब्रिटिश मुलखात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे तो पाणवठ्यांचा ठराव म्हणून लोकांच्या लक्षात आहे. पण पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळा, कचेऱ्या आणि दवाखानेही त्याच वाक्यात आहेत. सरकारने ११ सप्टेंबरला तो स्वीकारला, आणि इथे १८५८ ची विभागणी पुन्हा डोके वर काढते. सरकारच्या मालकीच्या संस्थांमध्ये खातेप्रमुखांनी ठराव अमलात आणावा, असा हुकूम. स्थानिक संस्थांना मात्र कलेक्टरांनी सल्ला द्यावा, की ठराव स्वीकारणे इष्ट आहे का याचा त्यांनी विचार करावा. लोकल बोर्डाच्या शाळेच्या वाट्याला आला तो हा सल्ला. सल्ला मानला नाही म्हणून कुणाचे काही बिघडत नव्हते. बोल्यांनी ते ओळखले आणि ५ ऑगस्ट १९२६ रोजी पुन्हा ठराव आणला: जी म्युनिसिपालिटी वा बोर्ड ऐकणार नाही तिचे अनुदान थांबवा. संचालकांनी १८५८ मध्ये हरकत घेणाऱ्यांना आपली वर्गणी काढून घ्यायला सांगितले होते. बोल्यांनी सरकारलाच हात आखडता घ्यायला सांगितले.

दलितांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या, ऑ. ह. ब. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मार्च १९३० मध्ये अहवाल दिला. डॉ. आंबेडकर, डॉ. पु. गो. सोळंकी आणि ठक्करबाप्पा तिचे सदस्य होते. उपाय सुचवून झाल्यावर समितीने मोकळेपणाने लिहिले की हे हक्क बजावताना उघड मारहाणीची भीती आहे, आणि गावात पोट ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांच्याशी वैर घेणे दलितांना परवडत नाही. ही भीती किती खरी होती ते १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या कवीठा गावी दिसले. ते गावही याच इलाख्यातले. ऑगस्टात दलितांनी चार मुले शाळेत घालायला नेली. सवर्णांनी आपली मुले काढून घेतली. हल्ले झाले, बहिष्कार पडला, दलितांच्या विहिरीत घासलेट ओतले गेले. अनुदान थांबवून यावर काय इलाज होणार? बोर्ड दोषी असेल तर पैसा रोखता येतो. गावच उलटला तर माणसाला शिक्षा करणारा कायदा लागतो.

तो कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आला, हरिजनांच्या सामाजिक अपात्रता दूर करण्यासाठी. १९५५ च्या केंद्रीय अस्पृश्यता (अपराध) कायद्याने त्याची जागा घेतली. या कायद्याचे पाचवे कलम दोन भागांत आहे. पहिला भाग अस्पृश्यतेच्या कारणावरून शाळेत प्रवेश नाकारण्याला गुन्हा ठरवतो. दुसरा भाग प्रवेश दिल्यानंतर केलेल्या भेदभावाला. वेगळे बसवणे, पाण्याला शिवू न देणे हे सगळे या दुसऱ्या भागात येते, आणि फुल्यांची १८८२ मधली तक्रार नेमकी हीच होती. १९७६ च्या दुरुस्तीने कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले आणि किमान एक महिन्याची कैद अनिवार्य ठरली.

इंदापूर आणि शेजारच्या बारामती तालुक्यांतल्या सरकारी प्राथमिक शाळा १९६२ पासून बहुतांशी पुणे जिल्हा परिषदेकडे आहेत. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या नवव्या कलमाने वंचित गटांतल्या मुलांशी भेदभाव होऊ न देण्याचे कर्तव्य थेट स्थानिक प्राधिकरणावर टाकले, आणि सतराव्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना बंदी केली. १९२३ मध्ये ज्याला फक्त सल्ला मिळाला, त्यालाच आता कायदा बांधतो. पण बत्तिसाव्या कलमाप्रमाणे लेखी तक्रारही त्याच प्राधिकरणाकडे करायची आहे. जी संस्था शाळा चालवते तिच्याकडेच शाळेची तक्रार, हा या कायद्याचा कच्चा दुवा आहे. तरीही तक्रार लेखीच द्यावी आणि तिची पोच घ्यावी. निर्णयाला मुदत तीन महिन्यांची आहे, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.