बोट आणि बोटभर भोक

पाण्याशी आम्हा वऱ्हाडी माणसांचं नातं बेताचंच. ते नळाला यायचं तेव्हा येतं आणि आलं की पिंपात भरून ठेवायचं. त्यावर काही तरंगावं अशी कोणाची अपेक्षा नसते. 'बोट' म्हटलं की आम्हाला आधी हाताचं आठवतं. त्यातून मी बी.कॉम. होऊन बँकेत कारकुनी करणारा. 'बुडणे' हे क्रियापद आजवर मी फक्त कर्जाला लावत आलो.

त्यामुळे अकोल्याहून साडूभाऊंचा फोन आला आणि खरखरीतून "भाऊ, बोट सडली ना माही" एवढंच ऐकू आलं, तेव्हा मी काळजीनं विचारलं, "शुगर तपासली का?"

उलगडा नंतर झाला. साडूभाऊ नुकतेच निवृत्त झालेले. हाती आलेल्या पैशातून त्यांनी कुठल्याशा लिलावात फायबरग्लासची एक जुनी बोट घेतली होती. गावच्या तलावाकाठी महाशिवरात्रीची जत्रा भरते. तिथं पोरांना फेऱ्या मारून आणायच्या, असा बेत. बोट दिसायला ठणठणीत. पण दुरुस्तीला बोलावलेला पोरगा म्हणत होता, तळ आतून सडलाय, कापावा लागेल.

"मी म्हणतो रंग मारून देऊ. तुमी बँकेतले, हिशोबाचे मानूस. या अन् त्याले समजावा."

रविवारी निघालो. अमरावती-अकोला हा रस्ता साधासुधा नव्हे. जून २०२२ मध्ये इथं ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. एवढ्या घाईनं झालेल्या रस्त्यावरून मी सावकाशीचा धडा घ्यायला चाललो होतो, हे मूर्तिजापूर मागे पडलं तरी मला ठाऊक नव्हतं.

बोट अंगणात पालथी पडली होती. पोरगा मूळचा कूलरच्या फायबर बॉड्या करणारा. त्यानं हातोडीच्या दांड्यानं तळ ठोकत नेला. टण, टण, टण... ढब.

"ऐका साहेब. टण म्हंजे जिवंत. ढब म्हंजे भुसा."

मग त्यानं एक रिकामं भोक दाखवलं. कधीकाळी तिथं स्क्रू होता. करंगळीचं टोकही शिरू नये एवढं ते भोक. पाणी मात्र शिरलं होतं.

हिशोब जुळेना की जुन्या नोंदी काढायच्या, ही आमची बँकेतली सवय. आठवडाभर मी बोटींचा इतिहास चाळला. पूर्वी जहाज म्हणजे नुसतं लाकूड. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची 'ट्रिंकोमाली' बांधली, ती १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला संग्रहालय म्हणून तरंगते आहे. तिची डागडुजी १९९० साली सुरू झाली, ती २००१ साली संपली. सागवानाचं तेल त्याच्या अंगातच असतं, त्याला वरून कवच लागत नाही.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काचेचे धागे आणि रेझिन यांचं लग्न लागलं. १९४२ मध्ये अमेरिकेत रे ग्रीन यांनी अशी बोट केली, आणि युद्धानंतर बोटी साच्यातून निघू लागल्या. पण काचेचा थर पातळ ठेवला तर लवतो, जाड केला तर जड होतो. म्हणून काचेच्या दोन थरांमध्ये हलकं लाकूड भरायची युक्ती निघाली. जाडी वाढली की ताठपणा येतो आणि वजन फारसं वाढत नाही.

या कामी बाल्सा हे लाकूड फार चाललं. त्याच बाल्साच्या ओंडक्यांचा 'कॉन-टिकी' तराफा घेऊन थॉर हेयरडाल १९४७ साली पेरूहून निघाले होते. ओंडके पाणी पिऊन बुडतील, असं जाणकारांनी बजावलं होतं. तो तराफा १०१ दिवस पॅसिफिकमध्ये उघडा भिजत राहिला आणि पॉलिनेशियाला लागला. आणि तेच लाकूड काचेत बंद केलं की एका स्क्रूच्या भोकानं संपतं! शिरलेली ओल बाहेर पडत नाही, बुरशी आत सुखानं संसार करते, आणि वरून बोट चकाचक.

म्हणजे लाकूड-काचेची जोडीच वाईट, असंही नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली, ती अशीच. गाभा लाकडी पट्ट्यांचा, वरून फायबरग्लास. ऑगस्ट २००९ मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये त्याच बोटीतून अभिलाष टॉमी कुठंही न थांबता फिरून आले. ही मूळ कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींची, आणि ते निवृत्तीनंतर राहायचे फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत. म्हणजे बोटीवर बोलायला दाराशी समुद्र लागतोच असं नाही. माझा धीर वाढला.

पुढच्या रविवारी मी हे सारं साडूभाऊंना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "आपल्याले कोनती पृथ्वीप्रदक्षिणा कराची हाये? तलावात एक चक्कर मारून वापस."

"दोंदे एकटे गेले, स्वतःचा जीव घेऊन," मी म्हणालो. "तुमच्या बोटीत दहा पोरं असतील, लोकांची. रंग मारून गोमटी केलेली खाती मी रोज पाहतो, साडूभाऊ. ती बुडली तर पैसे बुडतात."

ते काही बोलले नाहीत. तेवढ्यात त्यांची सहा वर्षांची नात पालथ्या बोटीच्या टोकावर चढून बसली आणि म्हणाली, "आबा, ही जागा माझी."

साडूभाऊंनी पोराकडे पाहिलं. "काप रे बापा."

आतला थर कापला तसा काळा, ओला भुसा निघाला. वास असा की शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. कोरडं लाकूड लागेपर्यंत कापत गेलो, तेव्हा हातभर ढबचा पसारा चार फुटांवर गेला. मग वाळवण. अकोल्याचं ऊन पहिल्यांदाच कोणाच्या कामी आलं असेल. पुढे इपॉक्सीत नवा गाभा बसवला, कडा उतरत्या घासून त्यावर काचेचे थर चढवले. स्क्रूचं प्रत्येक भोक मोठं करून इपॉक्सीनं बुजवलं आणि त्यातच नवं पाडलं, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवणारच नाही. सरकारनं १०५ तासांत ७५ किलोमीटर केले. आम्हाला चार फुटांना अडीच महिने लागले. जत्रा हुकली. वर्षाची कमाई गेली. साडूभाऊंच्या घरी माझ्या नावानं काय काय बोललं गेलं, ते मी खातेनिहाय विचारलं नाही.

पुढल्या जत्रेच्या आधी पहिली फेरी निघाली. पुढं नात, अंगात तिच्याहून मोठं लाइफ जॅकेट. मी मधे, दोन्ही हातांनी काठ धरून. काठावर आलो आणि साडूभाऊंनी तळ ठोकून पाहिला. टण. मग बाक ठोकला. टण. मग माझ्या पोटावर एक टिचकी मारली.

"ढब," ते म्हणाले. "भाऊ, इथं कापा लागते."