ग्रीक नाक

कपाळावरून थेट सरळ उतरणारं, भुवयांमध्ये जराही खोलगट न होणारं, ते 'ग्रीक नाक'. पुतळे पाहून आपण समजतो की सगळे ग्रीक असेच दिसत. मला विचाराल तर हे नाक छिन्नीचं! इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या शिल्पकारांनी देव आणि वीर घडवताना पाळलेला तो संकेत.

जर्मन अभ्यासक विंकेलमान यांनी १७६४ मध्ये आपल्या कलेतिहासात त्याला सौंदर्याचं प्रमुख लक्षण ठरवलं. ते ग्रीसला कधी गेलेच नाहीत. त्यांची भिस्त रोममधल्या पुतळ्यांवर, आणि त्यांतल्या कित्येक रोमन प्रती. इथवर ठीक होतं. पण डच शरीरशास्त्रज्ञ पेत्रुस काम्पर यांनी चेहऱ्याचा कोन मोजायला घेतला. ग्रीक पुतळा १०० अंश, युरोपीय माणूस ८०, आफ्रिकी ७०. जिवंत माणसात न सापडणारा कोन माणसाचं माप झाला! एकोणिसाव्या शतकात वंशश्रेष्ठत्व सांगणाऱ्यांनी हीच मोजपट्टी उचलली.

आणि खुद्द अथेन्समध्ये? झेनोफनच्या 'सिम्पोझियम'मध्ये नकटा सॉक्रेटिस थट्टेनं म्हणतो, माझं बसकं नाक डोळ्यांच्या आड येत नाही, म्हणून तेच अधिक सुंदर. मतं मोजली जातात. सगळी देखण्या क्रिटोब्युलसला.